हात पोचत नाही तिथे

"बाबा, खरं सांगा. काल रात्री लावलंत ना मलम?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही. "किती वेळा विचारशील? लावलं."

"मानेपासून तळपायापर्यंत? सगळीकडे?"

"अगं, उभा जन्म शाळेत पोरांची नखं तपासण्यात गेला माझा. आता तू मला स्वच्छता शिकव."

मागच्या खेपेलाही ते असंच म्हणाले होते. आणि खरूज परत आली होती.

तिच्या कडेवर ठमी एक पाय दुसऱ्यावर घाशीत होती. दात नुकते येऊ लागलेली पोर, तिला धड खाजवताही येत नव्हतं. तळपायांवर लाल फोड, बोटांच्या बेचक्यांत बारीक राखाडी रेघा, चुकून पेन्सिल लागल्यासारख्या. डॉक्टरीणबाईंनी त्या भिंगातून दाखवल्या होत्या. कातडीच्या अगदी वरच्या थरात किडा बीळ करतो, तिथेच अंडी घालतो. "घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं," त्या म्हणाल्या होत्या. "एकाचं जरी राहिलं, तरी हिचं पुन्हा पहिल्यापासून."

सगळे म्हणजे तिघंच. नवरा जहाजावर, तो सुटला. तिने स्वतःला लावलं ती एक कसरतच होती. एक हात खांद्यावरून, एक कमरेकडून, मधे कुठेतरी दोन्ही हातांची गाठ पडली. ठमीला लावताना मात्र ती रडली होती. ठमी नव्हे, तीच.

"दे ठमाबाईंना इकडे," सासऱ्यांनी पेपर बाजूला ठेवून हात पसरले.

ती जागची हलली नाही. "आत्ता नको, बाबा."

"का? मी काय चावतो?"

"चादरी धुवायला टाकायच्यात. गरम पाण्यात, सगळ्या."

हे काही उत्तर नव्हतं, आणि ते दोघांनाही कळलं. त्यांचे हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी एक मनगट खुर्चीच्या कडेवर घासलं, आपल्या ते लक्षातही आलं नाही असं दाखवत. नखं त्यांनी पार मुळापर्यंत कापली होती. ते उठले, टॉवेल घेऊन अंघोळीला गेले.

ती त्यांच्या खोलीत शिरली. एका हाताने ठमीला सांभाळत दुसऱ्याने उशांचे अभ्रे ओढले. चादर ओढताना ती मनातल्या मनात बडबडत होती. हट्टी. पोरीचे हाल बघवतात, पण मलम लावायला कमीपणा वाटतो. आज डॉक्टरीणबाईंना सांगणार, तुम्हीच समजवा आता.

टेबलावर मलमाची ट्यूब होती. खालून वरपर्यंत गुंडाळलेली, चपटी, पिळून काढलेली.

ती थबकली.

मग तिला कपाटाशेजारची भिंत दिसली. खांद्याच्या जरा खाली, पांढरट, तेलकट पट्टा. तिने बोट लावलं. तोच वास. पट्टा वरखाली, आडवा, पुन्हा वरखाली पुसटत गेला होता, आणि त्यात बनियनचा एक धागा चिकटला होता.

बाथरूममधलं पाणी बंद झालं. तिने नवी ट्यूब आणली होतीच, ओट्यावर पडली होती. "पाठीला मी लावून देते, बाबा." एवढंच तर म्हणायचं होतं. तिने ते वाक्य एकदा पुटपुटून पाहिलं. या घरात आल्यापासून तिने त्यांच्या शर्टाचं वरचं बटणही कधी उघडं पाहिलं नव्हतं.

सासरे दारात आले. केस ओले, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पाठीवर शर्ट जागोजागी चिकटलेला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"रंग खराब झालाय तिथला," ते म्हणाले. "ओल आली असेल."

"हो," ती म्हणाली. "ओलच असेल."

आजोबा दिसताच ठमी खिदळली आणि तिने दोन्ही हात पुढे टाकले.

सासऱ्यांनी आपले हात पाठीमागे नेले.