बारावं नाव

आंतरविद्यापीठ स्पर्धेला बास्केटबॉलच्या यादीत बाराच मुलींची नावं जातात आणि प्रमाणपत्रही त्या बाराजणींनाच मिळतं. त्या एका कागदावर संपदाला खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी मिळणार होती. सकाळी चंदीगडच्या कॉलेजच्या कोर्टवर यादी लागली, तर बाराव्या ओळीत तिचं नाव खोडून ट्रस्टींच्या मुलीचं, मेहरचं लिहिलेलं.

"अगले साल पक्का, पुत्तर," कोच सर म्हणाले. संपदाचं हे शेवटचं वर्ष आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. "और सुन, फोटो से पहले मेहर को ज़रा तैयार कर दे. बेचारी ने कभी बॉल भी नहीं पकड़ी."

संपदानं मेहरच्या केसांची घट्ट वेणी घातली, जर्सी नीट खोचून दिली, मग खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधायला घेतल्या. नुकतीच बारावी पास झालेली पोर ती.

"दीदी, नौकरी के इंटरव्ह्यू में कोई पूछे तो क्या बोलूँ? मैं कौन-सी पोझिशन पर खेलती थी?"

संपदानं नाडीची गाठ दोनदा मारली आणि मान वर न करता मराठीत म्हणाली, "माझ्या."