आई-आईचा खेळ

आष्टीच्या शिवारात कापूस वेचता वेचता मीनाचं लक्ष बांधाकडे होतं. बाभळीला बांधलेल्या झोळीत सहा महिन्यांचं बाळ झोपलं होतं आणि शेजारी बसून चार वर्षांची तेजू चिंधीच्या बाहुलीला दटावत होती, "गप गं बाई! मला कापूस येचायचाय."

"हुबेहूब तूच की गं!" शेजारच्या पातीतली झुंबरबाई हसली. "अंगणवाडीच्या ताई खोटं न्हाई सांगत. लेकरं पाहतात तेच खेळतात."

मीनालाही कौतुक वाटलं. तेवढ्यात तेजूनं बाहुलीची मान मागं केली आणि तिच्या तोंडाला औषधाच्या बाटलीचं टोपण लावलं. "पी जल्दी, म्हंजे झोपशील."

मीनाचं हसू मावळलं. काम चालू असताना बाळ रडू नये म्हणून सर्दीचं ते औषध ती रोज गुपचूप त्याला पाजायची. आजही पाजून झालं होतं. ओटीतला कापूस सांडत ती बांधावर धावली. सकाळी अर्धी भरलेली बाटली आता रिकामी होती.

"तेजू, औषध कुठं गेलं? बाहुलीवर सांडलंस ना?"



"न्हाई गं आई. बाहुली खोटंखोटं पिते. बाळ खरंखरं प्यालं."