मागच्या सालचा प्रोसेसर

“ह्ये तर मागच्या सालचं. म्हातारं जनावर कोण घेतंय का?” जोतिरामांनी काचेवरचा छोटा खोका बोटानं बाजूला सारला आणि सोलापूरच्या नवी पेठेतल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात उत्कर्षाला तोंड लपवायला जागा उरली नाही.

ते जनावर नव्हतं, प्रोसेसर होता. कॉम्प्युटरचा मेंदू. सहा कोअरचा, मागच्या पिढीचा, पण उत्कर्षानं महिनाभर मोबाइलवर चाचण्या बघून आणि मैत्रिणींचं डोकं खाऊन तो नक्की केला होता. ग्राफिक्स त्याच्या आतच होतं, म्हणजे वेगळं कार्ड घ्यायला नको. वाचलेल्या पैशांत रॅम दुप्पट बसली असती. लग्नाचे व्हिडिओ जोडायला तेवढं भरपूर. सोलापुरातला एक स्टुडिओ तिला घरबसल्या काम द्यायला तयार होता. अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा हवा. लग्नसराई तोंडावर आली होती. आज कॉम्प्युटर झाला नाही तर काम दुसऱ्याला जाणार आणि ही पुन्हा नातेपुत्याच्या माळावर शेरडांमागे. तिच्या वडिलांनी, जोतिराम आबांनी, त्यासाठी बोकडं विकली होती. त्या पैशांवर आणखी एक रुपयाही निघणार नव्हता.

दुकानदार भीमाशेठ मूळचे माळशिरसकडचे, जोतिरामांच्याच समाजातले. आपला माणूस फसवणार नाही म्हणून आबा चांगली चांगली दुकानं ओलांडून इथं आले होते. आपल्या माणसानं लगेच मोठा, चकचकीत खोका पुढं केला.

“मामा, हा घ्या. यंदाचाच माल. बारा कोअर. दहा वर्षं बघायला नको.”

“ह्ये कसं तालेवार दिसतंय!” आबांनी तो खोका हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला. दात तेवढे बघायचे राहिले.

“आबा, त्याला बोर्ड महागातला लागतोय,” उत्कर्षा घाईनं म्हणाली. “रॅमपण नव्या पिढीची, महागातलीच लागती. सगळे पैसे हितंच संपतील. प्रोसेसर एवढा मोठा आन् रॅम चिमूटभर, मग मशीन अडकत बसतंय. आन् प्रोसेसर असा वर्षात म्हातारा होत नसतोय ओ.”

“तू गप. हिला काय कळतंय, पावणं!”

ते तिला लागलं. चारचौघांत आबांनी तिचं कौतुक कधी केलंच नव्हतं. बारावीला ती शाळेत पहिली आली तेव्हाही पेढे वाटताना म्हणाले होते, पेपरच सोपं असत्यात आता.

आबा पुन्हा छोट्या खोक्याकडे वळले. “ह्ये बारकं किती दिस पडून हाय?”

“दिवाळीपासनं असंल,” भीमाशेठ चाचरले.

“बघा! कुणी इचारत सुदीक न्हाय त्याला. उगं फळी अडवून बसलंय.” मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. “आणा हात.”

भीमाशेठ आधी चमकले, मग हसले. पोरवयात ते बापाबरोबर शेळ्यांच्या बाजारात बसले होते. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात घालायचा, बोटं दाबायची आणि आकडा तिथल्या तिथं समजून घ्यायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. शेठनी हात पुढं केला. आबांनी वर टॉवेल पसरला. चारी बाजूंनी रंगीत दिवे लुकलुकत होते, आणि मधे दोन माणसं माना हलवत मुकाट उभी होती.

“परवडत न्हाय, मामा.”

“बघा, बघा. नीट बघा.”

टॉवेल हलत राहिला. उत्कर्षाला काही दिसेना. मोठ्या खोक्याचाच सौदा चाललाय याबद्दल तिला शंका नव्हती. आपली निवड बरोबर आहे, याबद्दलही नव्हती. ती पुढं झाली.

“आबा, मोठा घेतला तर तुमीच चालवा. मी हात लावणार न्हाय.”

आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टॉवेलाखाली शेवटचं एक बोट दाबलं गेलं.

“बांधा,” आबा म्हणाले.

भीमाशेठनी मोठा खोका उचलून फळीवर ठेवला आणि छोटा जवळ ओढला. “पार कातरून घेतलं की मामा मला!”

उत्कर्षा बघतच राहिली. “पण तुमी तर त्याला नावं ठेवत हुता!”

“मग? घ्यायचं ठरलं की नावंच ठेवायची असत्यात. कौतुक करायचं काम इकणाऱ्याचं. मनात भरलंय म्हणून कळलं की गेलं हातचं.” आबांनी टॉवेल झटकला. “तू महिनाभर त्येच म्हणतीयास, तवा त्येच घ्यायचं ह्ये घरीच ठरलं हुतं. पैसं उरल्यात त्यात ती रॅम का काय ती आनखी घाल.”

भीमाशेठ सामान बांधता बांधता तिच्याकडे बघत होते. काढलेला प्रत्येक भाग तिनं तपासून घेतला. एक केबल चुकीची होती, ती बदलून मागितली.

“मामा, पोरगी लई हुशार हाय,” ते शेवटी म्हणाले. “माझा भाचा हाय पुण्याला. अजिंक्य. इंजिनिअर, आपल्यातलाच. बघायचं का जमतंय?”

आबांचा चेहरा उतरला.

“हिला? आवो, कसलं काय! तापट हाय लई. भाकरी थापाय येत न्हाय. दिसभर त्यो मोबाइल. चारचौघांत बापाला उलटं बोलती, आताच ऐकलं की तुमी. न्हाय, न्हाय, पावणं. तुमच्या भाच्याला दुसरी बघा, चांगली.”

उत्कर्षाचे डोळे भरून आले. तिचं एवढं कौतुक आयुष्यात कुणी केलं नव्हतं.