शिंगावरचा हात
चौसाळ्यात टॅटू काढणाऱ्या अजीजभाईनं बद्रीच्या मोबाइलमधला फोटो मोठा करून पाहिला. दुष्काळात सोसायटीच्या चारा छावणीत जनावरांच्या नोंदीसाठी काढलेला होता तो. बैल स्पष्ट आला होता. शिंग धरून त्याचं तोंड कॅमेऱ्याकडं वळवणारा बाप मात्र मागं झाकला गेलेला. “यात चेहराच न्हाई. अंदाजानं काढला तर तो तुझा बाप होणार न्हाई. दुसरा दाखव.” बाप जाऊन महिना झाला होता. बद्रीनं सगळा मोबाइल चाळला. बाकी सगळे त्याचे स्वतःचेच फोटो होते, बापानं काढलेले. “मग शिंगावरचा हात तेवढा काढा. खांद्यावर.” अजीजभाईनं हात कागदावर उतरवला. “खपली खाजवू नको, ऊन लागू देऊ नको,” असं बजावत कागद खांद्यावर ठेवला आणि ठसा उमटावा म्हणून तळव्यानं दाबून धरला. “उमटला. हात उचलू?” बद्रीनं मान खाली घातली. “ऱ्हाऊ द्या जरा.”