गावातला एकच कुलूपवाला

दिवाळं निघालेल्यांच्या घरांचा कोर्टाच्या हुकमाने ताबा घ्यायचा आणि ती विकायची, हीच माझी नोकरी. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या एका किनाऱ्यावरच्या गावात लॉर्नच्या घराचा ताबा घ्यायला अक्षरशः पाय ओढत गेले. त्याचं हार्डवेअरचं दुकान बुडालं होतं. पोट भरायला लागतात म्हणून कायद्याने हत्यारांची पेटी तेवढी त्याच्याकडे सोडली होती.

सामान ट्रकमध्ये चढलं, त्याची बायको पुढे जाऊन बसली. आता फक्त दाराचं कुलूप बदलायचं राहिलं होतं, आणि शहरातून निघालेला आमचा माणूस बर्फात अडकला.

शेजारची म्हातारी कुंपणाशी उभी राहून सगळं बघत होती. तिला विचारलं, "इथे गावात कोणी कुलूपवाला नाही का हो?"

"आहे की, एकच आहे," ती लॉर्नकडे बोट दाखवत म्हणाली. "त्यालाच तर बाहेर काढते आहेस, बाई!"

लॉर्न पेटी उघडून स्वतःच्याच दाराशी गुडघ्यावर बसला. काम संपल्यावर त्याने किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.



"जपा हं, बाई. हरवल्यात तर हे कुलूप माझ्यानेसुद्धा उघडायचं नाही, असं पक्कं बसवलंय."