नेटी कोवालिशिनची कबुली

“विज्ञानाला लाज नसते, बाई,” डॉ. पेनर गंभीरपणे म्हणाले. त्यांचे बूट दारात निथळत होते, आणि मोज्यातून बाहेर आलेला डावा अंगठा ते उजव्या पावलाखाली लपवत होते.

समोर नेटी कोवालिशिन बसली होती. लिपनिक गावात तिला न ओळखणारा माणूस म्हणजे कालच राहायला आलेला. चर्चच्या हॉलमध्ये दर गुरुवारी बायका पेरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, करायला जमत, त्यांची ती म्होरकी. पारीत बटाटा किती भरायचा आणि कुणाच्या सुनेबद्दल किती बोलायचं, दोन्ही तीच ठरवी.

तिचा मुलगा डॅरेल तुरुंगाच्या वाटेवर होता. मित्रांनी औषधांचं दुकान फोडलं आणि याला सांगितलं, गाडीत थांब. मित्र मागच्या मागे पळाले. हा थांबला. पोलीस आले तेव्हा त्याने अदबीने गाडीचं दार उघडून दिलं, आणि त्यांनी विचारले तेवढे सगळे गुन्हे कबूल केले. त्यातली एक चोरी झाली तेव्हा तो चौथीत होता.

त्याची वकील शॉना टकर म्हणत होती की असा मुलगा तुरुंगात टिकायचा नाही; तिथे जो जे सांगेल ते तो करील. म्हणून तिने शहरातून तज्ज्ञ साक्षीदार बोलावला होता. आईच्या पोटात असताना दारूमुळे बाळाच्या मेंदूचं काय होतं, याचे डॉ. पेनर जाणकार. त्यांनी डॅरेलच्या डोळ्यांची रुंदी फुटपट्टीने मोजली, नाक आणि ओठ यांच्यामधली पन्हळ निरखली, कोडी घातली. खुणा होत्या, पण अर्धवट. अशा वेळी शास्त्राला आईचा शब्द लागतो. गरोदरपणी ती पीत होती असं ठरलं, तर निदान पक्कं, आणि मुलगा देखरेखीखाली घरी. नाहीतर तीन वर्षं आत.

नेटी म्हणाली की आपण थेंबही घेतला नव्हता.

डॉक्टर समजूतदारपणे हसले. गाडीत बसल्यावर त्यांनी शॉनाला सांगितलं की सगळ्या इथूनच सुरुवात करतात. आया नेहमी कमी सांगतात, जास्त कुणी सांगत नाही. म्हणून आई जो आकडा सांगेल त्याच्या दुप्पट धरायचा. कोर्टात याला अनुभव म्हणतात.

ते पुन्हा गेले. नेटीने पुन्हा नाही म्हटलं आणि शॉनाला सुनावलं, “पोरी, माझ्या वयाची तरी लाज धर.” पण गावात चौकशी करताना डॉक्टरांना कळलं की लग्नकार्यात सगळे वोडकाचा पेला उंचावतात तेव्हा ही चेरीचं सरबत उंचावते. ते एकदम खूश झाले. जी बाई इतक्या कटाक्षाने टाळते, तिला काहीतरी विसरायचं असतं, असं त्यांनी शॉनाला समजावलं. शॉनाने मान डोलावली. तज्ज्ञाची फी तिनेच मंजूर करून घेतली होती.

तिसऱ्या वेळी नेटीने त्यांच्यापुढे काकडीचं लोणचं ठेवलं आणि खाली बघत विचारलं की बाकीच्या आया हे कसं सांगतात.

डॉक्टरांना बोलायला आवडायचं. त्यांनी सगळं सांगितलं: बाटली धुण्याच्या पावडरच्या खोक्यात ठेवतात, वासावर पेपरमिंट चघळतात, नवरा रात्रपाळीला गेला की काढतात. नेटी निमूट ऐकत होती. मधेच तिने एक-दोन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या.

“लाज वाटते हो, डॉक्टर.”

“वाटू द्या. लाजेपाशीच खऱ्याचा उंबरठा असतो.”

“आणि डॅरेल घरी येईल?”

“खरं बोललात तर येईल.”

सुनावणीला पेरोहीवाल्या बायका चांगले कोट घालून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नेटी उभी राहिली आणि तिने सांगितलं. खोकं सांगितलं, पेपरमिंट सांगितलं, नवऱ्याची रात्रपाळी सांगितली. आवाज इतका खाली गेला की न्यायाधीशांनी तिला पुन्हा बोलायला लावलं, आणि तिला ते सगळं दोनदा सांगावं लागलं. मानेपासून कानापर्यंत ती लाल झाली होती. सरकारी वकिलाने विचारलं, इतकी वर्षं गप्प का राहिलात? ती म्हणाली, लाज वाटत होती. तेव्हा तिची शाळेपासूनची मैत्रीण पोलिना पर्स उचलून बाहेर निघून गेली.

डॅरेलने आरोपीच्या जागेवरून आईला हात केला. सगळं समजलं का, असं न्यायाधीशांनी त्याला विचारलं. तो हो म्हणाला. तो सगळ्यालाच हो म्हणायचा.

मग डॉक्टरांनी साक्ष दिली. आकडा दुप्पट केला. न्यायाधीशांनी निकालात आईच्या धैर्याचा खास उल्लेख केला आणि डॅरेलला घरी सोडलं.

बाहेर बायका कोटांची बटणं लावत होत्या. नेटी आली तशी त्यांनी वाट करून दिली, नको तेवढी रुंद. डॅरेल जॅकेटच्या चेनशी झटापट करत होता. नेटीने वाकून ती लावून दिली.

डॉक्टरांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. एवढ्या वर्षांत इतकी प्रामाणिक आई आपण पाहिली नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते.

नेटीने मान खाली घातली. मग इकडेतिकडे पाहून ती त्यांच्याजवळ सरकली.

“डॉक्टर, तेवढं एक सांगून ठेवा. दारू चवीला कशी लागते हो? पोलिना विचारल्याशिवाय राहायची नाही.”