बेटावरचे मेंबर

संगीताच्या मोबाईलवर चौघींनी एकदमच माना वाकवल्या. निळं पाणी, नारळाची झाडं, आणि फुलाफुलांच्या चड्ड्या घालून वाळूत बसलेले चार पुरुष, प्रत्येकाच्या हातात शहाळं. ‘सर्व सदस्य आमच्यासोबत,’ असं खाली पॅनलप्रमुख सुंदररावांनी स्वतःच लिहिलं होतं.

सदस्य खरं तर या चौघी, ग्रामपंचायतीच्या ओसरीत बसलेल्या. वाळूतले ते तिघींचे नवरे आणि चौथीचा दीर.

उपसरपंचाची निवड आली की फोडाफोडी नको म्हणून मेंबरांना सहलीला न्यायची पद्धत उमापूरच्या बाजूला नवी नाही. सुंदररावांनी या खेपेला हात सैल सोडून थेट अंदमान गाठलं. बैठकीला आजवर नवरेच येऊन बसायचे, म्हणून नेले तेही नवरेच. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. कडूबाईचा सटवा मेंढरं घेऊन डोंगराकडे गेलेला, तर त्याच्या जागी त्याचा भाऊ माऊली विमानात बसला. विरोधकांनी गाठू नये म्हणून सगळ्यांचे फोन सुंदररावांनी काढून घेतले. दिवसा समुद्रात डुंबायचं, संध्याकाळी ढोलावर नाचायचं आणि निवडीच्या बैठकीची नोटीस निघाली की परतायचं, असा बेत होता.

नोटीस निघाली ती सदस्यांच्या नावे, आणि सदस्य तर घरीच होते. चौघींनी ती घेतली, सह्या केल्या आणि कुणाला सांगायला गेल्या नाहीत. ग्रामसेवकाला वाटलं, मेंबरांना पोचली म्हणजे सुंदररावांना पोचलीच.

उपसरपंच सत्यशीला होणार हे सुंदररावांनी ठरवून टाकलेलं होतं. म्हणजे नाव तिचं आणि खुर्चीत तिचा नवरा रामकिसन. ती खुर्ची कडूबाईला हवी होती, आणि ते ती उघड बोलायची. मेंढरांना प्यायला गावविहिरीपाशी हौद बांधा, एवढंच तिचं मागणं. पण बैठकीत तिच्या जागी माऊली जायचा आणि मान डोलवून परत यायचा.

आतून बोलावणं आलं. तिघी उठल्या, सत्यशीला बसूनच राहिली. ऐनवेळी हिचं अवसान गळालं, असं कडूबाईला वाटलं.

“माजं नाव लागलं तर खुर्चीत आमचे मालक बसत्याल,” सत्यशीला म्हणाली. “तुजं लागलं तर तूच बसशील. तुजा सटवा काय मेंढरं सोडून येतो का? आन् माऊलीला तू बसू देशील व्हय?”

कडूबाई परत तिच्याशेजारी टेकली. “घरी लई तरास हुईल तुला.”

“हुईल. बगून घेईन मी,” म्हणत सत्यशीला उठली आणि सगळ्यांच्या आधी आत गेली.

कडूबाईच्या नावाला चार हात वर झाले. विरोधी पॅनलचे तिघे हरायच्या तयारीनेच आले होते, पण आपण नेमकं कुणाकडून हरलो हे त्यांना जरा वेळाने कळलं. कडूबाई पदर सावरून खुर्चीत बसली. तिला फार आनंद झाला होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती संपते न संपते तोच ग्रामसेवकाचा मोबाईल वाजला. व्हिडिओवर काळा चष्मा लावलेले सुंदरराव होते. मागे लाटा होत्या, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा रामकिसन.

“मतदान झालंच कसं बे?” सुंदररावांनी विचारलं. “समदे मेंबर तर हितं माज्यापशी हायेत.”

ग्रामसेवकाने मोबाईल खोलीभर फिरवला आणि चौघींपाशी आणून थांबवला.

“बायका काय दाखवतो बे,” सुंदरराव म्हणाले. “मेंबर दाखव.”

कडूबाईने खुर्चीतूनच हात लांबवून मोबाईल घेतला.

“मेंबरच बोलतेय, आबा,” ती म्हणाली. “आमच्या मान्सायला म्हनावं, निवांत डुंबा. हितलं समदं झालंय.”